अठरा फरश्यांचा चौक

माणूस कुणाच्या घरी गेला की आधी घरातल्या माणसांकडे बघतो. गुण्याभाऊ आधी खाली बघतात. दारात क्षणभर थांबून ते फरशीवर अशी नजर टाकतात, की आज केर नीट काढला होता ना, अशी शंका घरच्यांना उगीचच यावी. केराशी त्यांना काही देणंघेणं नसतं. सांधे ओळीत आहेत का, उतार बरोबर आहे का आणि कारागिराने कोपऱ्यात चोरी केली आहे का, एवढंच ते बघतात, मग मान वर करून "काय, कसं काय?" विचारतात. लग्नाआधी पहिल्यांदा सासरी गेले तेव्हाही अर्धा तास त्यांनी मान वर केली नव्हती. सासूबाईंना वाटलं, मुलगा फारच विनयशील. बायको मात्र अजून सांगते, "यांनी होकार मला नाही, आमच्या बाहेरच्या खोलीला दिला होता."

गुण्या हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. गुण्या म्हणजे काटकोन तपासायचं गवंड्याचं हत्यार. ते यांच्या खिशात कायम असतं, म्हणून हे गुण्याभाऊ. एकदा आजारी मित्राला बघायला दवाखान्यात गेले, त्याची विचारपूस केली, आणि निघताना खिशातून गुण्या काढून कोपऱ्याला लावला. "तू बरा होशील," ते म्हणाले, "खोलीचं काही खरं नाही."

अडतीस वर्षं या माणसाने गुडघ्यांवर काढली. मग एकोणसाठाव्या वर्षी गुडघ्यांनी राजीनामा दिला. डॉक्टर म्हणाले, खाली बसायचं बंद. तेव्हापासून गुण्याभाऊ खुर्चीत बसून असत आणि स्वयंपाकघराच्या फरशीकडे बघत असत. ती त्यांनीच बसवलेली होती. तिच्यात काढण्यासारखी एकही चूक नव्हती, त्यामुळे वेळ जाता जात नसे.

स्वतःच्या हाताबद्दल त्यांना शंका अशी कधी नव्हतीच. "माझी फरशी उखडायची तर घर पाडावं लागेल," असं ते म्हणत, आणि ते खरंही होतं. फक्त एक चौक होता. त्या चौकाचा विषय निघाला की हा छातीठोक माणूस एकदम पाण्याचा पेला शोधू लागे.

झालं होतं असं. गुण्याभाऊ तेवीस वर्षांचे होते आणि थोरल्या भावाच्या, म्हणजे दादाच्या हाताखाली काम करत होते. दादा त्यांच्यापेक्षा सोळा वर्षांनी मोठा, फरशीकामातला वाघ. दादाची एक खूण होती. दोन फूट लांब, एक फूट रुंद फरश्या तो अशा उभ्याआडव्या गुंफायचा, की या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत एकही सांधा सरळ आरपार जायचा नाही. सांधा निघाला की थोड्या अंतरावर एखादी फरशी त्याच्या वाटेत आडवी पडलेलीच. आणि फरशी कापायची नाही. "कापतो तो शिंपी," दादा म्हणायचा.

एका तीन मजली इमारतीच्या जिन्याला प्रत्येक मजल्यावर एक चौक होता, सहा फूट बाय सहा फूट, म्हणजे बरोब्बर अठरा फरश्या. पहिल्या मजल्याचा चौक दादाने एकट्याने केला. दुसऱ्याचा गुण्याभाऊंना दिला आणि म्हणाला, "हा जमला की तू मिस्त्री. मग माझ्या हाताखाली राहायची गरज नाही."

तीन दिवस गुण्याभाऊ फरश्या नुसत्या कोरड्या मांडत होते आणि उचलत होते. एका बाजूचा आरपार सांधा मोडला की दुसऱ्या बाजूला निघायचा. चौथ्या दिवशी गुपचूप खाली जाऊन त्यांनी दादाचा चौक बघितला. पण भिंतीलगतची एक रांग बाकाखाली गेली होती. सुताराने ते बाक आदल्याच दिवशी खिळे मारून बसवलं होतं, अगदी या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत. दिसणाऱ्या पाच रांगा यांनी जशाच्या तशा उतरवून घेतल्या. सहावी काही केल्या जुळेना. शेवटी सिमेंट वाळायला लागलं, मुकादम ओरडायला लागला, आणि गुण्याभाऊंनी चौक उरकला. मधोमध एक आरपार सांधा ठेवून.

दादा आला. त्याने खाली बघितलं. घराण्याची सवयच ती. मग सगळ्या गवंड्यांसमोर म्हणाला, "कसब हातात असावं लागतं. तुझ्या हातात ते नाही." आणि गुण्याभाऊंना न्हाणीघरांच्या कामाला लावलं.

पुढे गुण्याभाऊ मिस्त्री झाले, नावाजले, दादाच्या तोडीचे झाले. पण घरात चार माणसं जमली की दादा हमखास हाक मारायचा, "या, सरळ सांधेवाले!" सगळे हसायचे. गुण्याभाऊही हसायचे. छत्तीस वर्षं हसत होते बिचारे. चूक हाताची होती की चौकाची, एवढं एकदा कळावं, इतकीच त्यांची इच्छा होती. आणि हे सांगणारं जगात कुणी असेल असं त्यांना वाटत नव्हतं.

बायको ग्रंथालयात कामाला. एक दिवस तिने विद्यापीठाचं पत्रक आणलं. पन्नाशीच्या पुढच्या माणसांनी वाटेल तो एक अभ्यासक्रम करावा, पदवीची अट नाही.

"वाचा," ती म्हणाली. "तुम्हाला गुडघ्यांनी घरी बसवलंय, डोक्याने नाही."

"या वयात काय शिकू? चित्रकला?"

"खालून चौथी ओळ वाचा."

खालून चौथी ओळ होती कॉम्बिनेटोरिक्सची. त्या शब्दाशी गुण्याभाऊंची जीभ दोनदा अडखळली. पण पुढे कंसात विषय दिले होते: मोजणी, मांडणी, निवड, फरश्या बसवण्याचे प्रश्न.

"फरश्या बसवण्याचे प्रश्न विद्यापीठात?" गुण्याभाऊ खुर्चीत ताठ झाले. "आणि शिकवणार कोण? यातल्या कुणी कधी थापी तरी धरली आहे का?"

"तेच जाऊन विचारा."

प्रवेशअर्जावर 'पूर्वीचं शिक्षण' या रकान्यात त्यांनी लिहिलं, 'दहावी. नंतर फरशी.' कारकुनाने ते दोनदा वाचलं आणि शिक्का मारला.

वर्गात तेवीस मुलंमुली आणि एक गुण्याभाऊ. शिकवायला होत्या तिशीच्या आतल्या एक मॅडम. बोलणं इतकं भरभर, की एक वाक्य संपायच्या आत दुसरं दारात उभं. पहिल्याच दिवशी त्या म्हणाल्या, "हा विषय म्हणजे एकेक न मोजता मोजायची विद्या. पाच पुस्तकं फळीवर ओळीने किती प्रकारे लावता येतील?"

"फळी लेव्हलमध्ये आहे ना?" गुण्याभाऊंनी विचारलं.

वर्ग हसला. मॅडमनी मात्र गंभीरपणे सांगितलं, "आहे. मी तपासली."

तिथेच गुण्याभाऊंना बाई पसंत पडल्या.

आणि काय सांगावं, विषयही पसंत पडला. पहिल्या जागेला पाच पर्याय, दुसरीला चार, मग तीन, दोन, एक. गुणाकार केला की एकशेवीस. हे त्यांना मनापासून पटलं. उद्या कामाला पाच माणसं पाच खोल्यांवर लावायची तर मुकादम हेच करतो, फक्त शिव्या देत करतो. कबुतरं आणि खुराड्यांचा नियम आला: कबुतरं सहा, खुराडी पाच, तर एका खुराड्यात दोघं असणारच. "एवढ्याला नियम म्हणतात?" त्यांनी घरी येऊन बायकोला विचारलं. पण त्याच नियमाने मॅडमनी असं एकेक काही सिद्ध करून दाखवलं, की आठवडाभर रस्त्यात दिसेल त्या माणसाला ते मनातल्या मनात खुराड्यात घालत होते. मुलं त्यांना काका म्हणू लागली. काका पुढच्या बाकावर बसत, वही पट्टीने आखत, आणि मागची मुलं त्यांच्या वहीतून उतरवून घेत.

मग चाचणी आली. दहा गुणांचा एक प्रश्न होता: दोन फूट रुंद आणि दहा फूट लांब पट्टी, दोन बाय एकच्या फरश्यांनी किती प्रकारे भरता येईल? प्रश्नपत्रिका वाचून गुण्याभाऊंना हसू आवरेना. आयुष्यभराचं काम समोर आलं होतं. त्यांनी एका ओळीत उत्तर लिहिलं आणि सगळ्यात आधी बाहेर पडले.

पेपर परत मिळाला. दहापैकी शून्य.

"काका, शून्य का लिहिलंत?" तास संपल्यावर मॅडमनी विचारलं. "प्रश्न तर सोपा होता."

"मी 'एकही नाही' असं लिहिलंय. शून्य तुम्ही दिलंत."

"पण एकही नाही कसं? सगळ्या उभ्या ठेवल्या तरी एक प्रकार झाला की!"

"त्याला काय प्रकार म्हणायचं?" गुण्याभाऊंचा आवाज चढला. "मॅडम, दोन फुटी पट्टीत एक जरी फरशी उभी टाकली तरी तिच्या कडेने आरपार सांधा जातो. आणि एकही उभी न टाकावी, तर मधून दहा फूट लांब सांधा. कसंही करा, सुटका नाही. मालकाला रुंदी वाढवायला सांगायचं, दुसरा इलाज नाही. जे काम मी करणार नाही, ते मोजू कशाला?"

  मॅडमनी पेपर हातात घेऊन ती एक ओळ पुन्हा वाचली.

"काका, तुम्ही न विचारलेल्या प्रश्नाचं बरोबर उत्तर दिलंय."

"मग निम्मे गुण?"

"शून्यच. गणितात वाईट कामसुद्धा मोजावं लागतं. उत्तर एकोणनव्वद आहे."

"एकोणनव्वद वाईट कामं?"

"एकोणनव्वद." मॅडम टेबलावर टेकल्या. "आरपार सांधा नको, हे तुमच्या डोक्यात आलं कुठून?"

छत्तीस वर्षांत गुण्याभाऊंनी चौकाची गोष्ट बायकोखेरीज कुणाला सांगितली नव्हती. त्या दिवशी सांगितली, अगदी बाकाच्या खिळ्यांसकट. सहा बाय सहा म्हटल्याबरोबर मॅडमचे डोळे चमकले.

"याचं उत्तर मला माहीत आहे."

गुण्याभाऊंनी पाण्याची बाटली उघडली आणि पुन्हा बंद केली. "होतं की नाही, एवढंच सांगा."

"नाही सांगणार."

"मॅडम!"

"इतकी वर्षं दादांच्या शब्दावर चाललात. आता माझ्या शब्दावर चालायचं? फरश्यांकडे बघू नका, काका. सांध्यांकडे बघा. एकेक सांधा किती फरश्या अडवतात, ते मोजा."

गुण्याभाऊ घरी जाताना दुकानातून कपड्यांच्या साबणाच्या अठरा वड्या घेऊन गेले. लांबी रुंदीच्या दुप्पट. दुकानात त्यांनी पट्टी लावूनच घेतल्या होत्या. दुकानदार अजून ती हकिकत गिऱ्हाइकांना सांगतो.

"सगळ्या गावाचं धुणं घेतलंय का आपण?" बायकोने विचारलं.

"अभ्यास आहे."

"बघा हं, अभ्यास भिजवू नका."

जेवणाच्या टेबलावर खडूने सहा बाय सहाचा चौक आखला गेला. आडव्या पाच रेघा, उभ्या पाच रेघा. या दहा रेघांपैकी एकही आरपार मोकळी राहता कामा नये. गुण्याभाऊ वड्या मांडत आणि प्रत्येक रेघेवर किती वड्या आडव्या पडल्या ते वहीत लिहीत. नऊ दिवस जेवण मांडीवर ताट घेऊन झालं. सगळ्या घराला साबणाचा वास येऊ लागला. दहाव्या दिवशी वहीची पानं चाळताना त्यांच्या लक्षात आलं, की आकडे शून्य, दोन आणि चार एवढेच आहेत. एक कुठेच नाही. तीनही नाही.

"मोजायला चुकलो की काय?" ते पुटपुटले.

"तुम्ही?" बायको आतून म्हणाली. "शक्यच नाही. मला विचारा, मी तीस वर्षं वाट बघतेय."

मग त्यांनी एक रेघ धरली आणि खालचा भाग हाताने झाकला. वर दोन रांगा, म्हणजे बारा घरं. प्रत्येक वडी दोन घरं खाते. रेघेवर एकच वडी आडवी पडली, तर तिचं अर्धं अंग वर येणार आणि एक घर खाणार. उरली अकरा. दोन-दोन घरं खाणाऱ्या वड्यांनी अकरा घरं कशी भरतील? नाहीच भरणार. म्हणून एक वडी चालत नाही. अडवायची तर निदान दोन. आणि रेघ कुठलीही धरा, अलीकडची घरं सहाच्या पटीत, म्हणजे समच. तेव्हा प्रत्येक रेघेला दोन. रेघा दहा.

गुण्याभाऊंचा हात हवेत थांबला. दहा दुणे वीस. आणि एक वडी एकच रेघ अडवते, तिच्या पोटाखालून जाणारी तेवढीच. म्हणजे वीस वड्या पाहिजेत.

त्यांनी वड्या मोजल्या. माहीत असूनही मोजल्या. अठरा.

"अहो, काय झालं?" बायको बाहेर आली.

"दोन कमी पडतात," गुण्याभाऊ म्हणाले.

"मग आणा की दुकानातून."

"अगं, आणून ठेवू कुठे? चौकात जागाच अठरांची आहे!" आणि ते इतक्या मोठ्याने हसले, की शेजारणीने दार उघडून बघितलं.

पुढच्या तासाला मॅडमनी खडू त्यांच्या हातात दिला आणि स्वतः मागच्या बाकावर जाऊन बसल्या. गुण्याभाऊंनी ओळंब्यात धरल्यासारख्या सरळ रेघा मारल्या आणि सगळं समजावून सांगितलं, कामावर नवीन माणसाला सांगावं तसं: "आता हे बघा, घाई करायची नाही." शेवटी त्यांनी फळ्यावर वीस लिहिलं, खाली अठरा लिहिलं, आणि खडू ठेवला.  मग मागून कुणीतरी म्हणालं, "काका, कडक!" आणि टाळ्या पडल्या.

"तर हा चौक दादांनाही जमलेला नाही," मॅडम म्हणाल्या.

गुण्याभाऊंना एवढा वेळ हे सुचलंच नव्हतं. चौक कुणालाच जमत नाही. मग पहिल्या मजल्यावर दादाने काय केलं होतं?

अंतिम परीक्षेत दोन फुटी पट्टी पुन्हा आली, या वेळी आठ फूट लांब. गुण्याभाऊंनी चौतीस हे उत्तर रीतसर काढलं आणि खाली लिहिलं, 'यातलं एकही मी बसवणार नाही.' पूर्ण गुण मिळाले. त्या ओळीपुढे मॅडमनी लाल पेनने लिहिलं होतं, 'मान्य.'

निकालाचा कागद आणि साबणाच्या वड्यांची पिशवी घेऊन रविवारी सकाळी ते दादाकडे गेले. दादा पंच्याहत्तरीचा. खिडकीशी खुर्ची टाकून बसला होता.

"या, सरळ सांधेवाले! आणि हे काय? धुणं वाटायला निघालास?"

"वहिनी, जरा टेबल रिकामं करता?" गुण्याभाऊ म्हणाले. "दादा, इकडे बस. तुला एक गोष्ट दाखवायची आहे. घाई करायची नाही."

वहिनींनी टेबल रिकामं केलं. गुण्याभाऊंनी चौक आखला, वड्या मांडल्या, बारा घरं दाखवली, अकरा दाखवली. दादाने चष्मा लावला, काढला, पुन्हा लावला. दोनदा हात मधे घालून वड्या स्वतः फिरवून बघितल्या. तो काही सहजासहजी ऐकणारा नव्हता.

"एक फरशी एकच सांधा अडवते?"

"पोटाखालचा. दुसरा कुठला अडवणार?"

"म्हणजे वीस लागतात."

"लागतात."

"आणि आहेत अठरा."

"अठराच."

दादाने एक वडी उचलली आणि परत जागेवर ठेवली. वहिनी पदराला हात पुसत दारात उभ्या होत्या. 

"ते बाक तू हलवून बघितलं होतंस का?" दादाने विचारलं.

"कसं हलवणार? खिळे मारले होते."

"खिळे मीच मारायला लावले." दादा खिडकीबाहेर बघत होता. "बाक काही त्या कामात नव्हतं. मी सुताराच्या हातापाया पडून करून घेतलं. खाली एक फरशी कापलेली आहे. दोन तुकडे, भिंतीच्या दोन कोपऱ्यांत."

छत्तीस वर्षांत गुण्याभाऊंनी या घटकेसाठी एक भाषण तयार केलं होतं. आंघोळ करताना ते म्हणून बघायचे. त्यातला एकही शब्द आता आठवेना.

"तू कापलीस? तू?"

"आठ दिवस मांडत होतो. रोज वाटायचं, आज जमेल."

"मग मला का नाही सांगितलंस? चारचौघांत म्हणालास, माझ्या हातात कसब नाही!"

"तुझ्या?" दादाने पहिल्यांदा त्यांच्याकडे बघितलं. "मला वाटलं, माझ्याच हातात नाही. म्हणून तर वरचा तुला दिला. म्हटलं, तुझी बोटं तरणी आहेत, तुला जमेल. तुलाही जमेना, तेव्हा माझं डोकंच फिरलं." त्याने चष्मा काढला. "सगळ्यांसमोर बोललो ते वाईट बोललो."

"ते तर बोललासच."

"बोललो. चुकलं माझं."

वहिनी म्हणाल्या, "छत्तीस वर्षं दोघं एका चौकावरून कुढत होतात, आणि चौकच खोटा?"

"चौक खरा आहे, वहिनी," गुण्याभाऊ म्हणाले. "फरश्या कमी आहेत."

दादा हसला. मग त्याने वहिनींकडून सुरी मागून घेतली, एक वडी मधोमध कापली, आणि बाकी सतरा वड्या भराभर मांडत गेला. बोटं एकदाही अडखळली नाहीत. आडवी, उभी, उभी, आडवी. कितीतरी वर्षांपूर्वीची मांडणी तशीच्या तशी हातात होती. शेवटी दोन कोपरे उरले. त्यांत त्याने दोन तुकडे बसवले आणि खुर्चीत मागे रेलला.

गुण्याभाऊंनी खाली बघितलं. पाच आडव्या रेघा बघितल्या, पाच उभ्या बघितल्या. एकही सांधा आरपार नव्हता. काम देखणं होतं. त्यांनी खिशातून गुण्या काढला आणि कोपऱ्यातल्या कापलेल्या तुकड्याला लावून बघितला. काटकोन चोख होता.

"बघतोस काय?" दादा म्हणाला. "कापायचीच वेळ आली, तर मी काय वाकडी कापीन?"